शिक्का कोणाचा? जुन्या बंदुकांच्या सुट्या भागांवरील खुणांविषयी

वाईकडील एका जुन्या वाड्याच्या वाटण्या झाल्या तेव्हा भांडीकुंडी, फडताळे, देव्हारा आणि दस्तऐवजांची बोचकी यांची यथायोग्य व्यवस्था लागली. माळ्यावरील एक पत्र्याची पेटी मात्र कोणाच्याच वाट्यास गेली नाही, कारण तीत गंजलेले लोखंड होते आणि गंजलेल्या लोखंडासाठी भांडण्याइतका उत्साह त्या घरात तोवर शिल्लक राहिला नव्हता. धाकट्या पातीच्या नातवाने ती पेटी एके दिवशी माझ्यापुढे आणून ठेवली. घोड्यासह एक कळ, चापाखालच्या दोन पितळी कमानी, कुंद्याच्या बुडाची एक पितळी पट्टी, नळीचा हातभर तुटका तुकडा आणि मूठभर स्क्रू एवढा तिच्यातील ऐवज होता. "काका, ही बंदूक कोणती?" असे त्याने विचारले, आणि मी म्हणालो की पेटीत बंदूक नाहीच, भाग आहेत, तेव्हा प्रश्न भागागणिक विचारावा लागेल आणि उत्तरही भागागणिकच मिळेल.

हा भेद वरकरणी काथ्याकूट वाटतो, परंतु या विषयातील निम्म्याहून अधिक चुका तो न पाळल्यामुळे होतात. बंदूक ही पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त होत आलेली वस्तू आहे. कुंदा मोडला की गावचा सुतार नवा घडवी, घोडा तुटला की लोहार दुसरा ठोकून देई, आणि दोन निकामी बंदुकांतून एक चालती बंदूक तयार करणे हा तर शिलेखान्यातील कारागिरांचा नित्याचा उद्योग होता. म्हणून एखाद्या भागावरील शिक्का त्या भागापुरतीच साक्ष देतो. शेजारच्या भागाविषयी तो जामीन राहत नाही.

दुसरी गोष्ट अशी की शिक्के मारणारे हातही एकाहून अधिक असतात. दफ्तरात बसून मोडी कागद चाळणाऱ्यास हे समजावून सांगावे लागत नाही. एकाच पत्रावर मजकूर कारकुनाच्या हातचा असतो, शिक्का धन्याचा, अखेरचे मोर्तब मजकुराची सीमा बांधणारे, पाठीवर पोचल्याची तारीख घालणारा तिसराच कोणी, आणि शंभर वर्षांनंतर त्याच कागदावर दफ्तरखान्याने टाकलेला रुमालाचा क्रमांक चौथ्या हातचा. बंदुकीच्या लोखंडावरही तोच प्रकार आहे. करणाऱ्याचे नाव वेगळे, तपासनिसाची खूण वेगळी, नळीची कसोटी घेणाऱ्या संस्थेचा ठसा वेगळा, मालकीची निशाणी वेगळी आणि विकणाऱ्या दुकानाची जाहिरात त्याहून वेगळी. अक्षर वाचता आले म्हणजे काम झाले असे नव्हे; ते कोणत्या अधिकाराने उमटले हे ठरल्याखेरीज त्याचा अर्थ लागत नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. उमेदवारीच्या काळात एका खाजगी संग्रहाची फेरिस्त करण्याचे काम माझ्याकडे आले असता, एका कळीवर राजमुकुटाखाली 'जी. आर.' आणि मागे ठळक अक्षरांत 'टॉवर' असे कोरलेले पाहून मी 'टॉवर नामक इंग्रज कारागिराची बंदूक' अशी नोंद मोठ्या ऐटीत करून टाकली. पलटणीत आर्मरर म्हणून उमेदीची वर्षे घालविलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी ती नोंद वाचली आणि ते काही न बोलता नुसते हसले; त्या हसण्याचा अर्थ समजून घेण्यास मला पुढे सहा महिने लागले. टॉवर म्हणजे लंडनचा किल्ला, सरकारी शस्त्रांचे भांडार. १७६४ सालापर्यंत सरकारी कळीवर ठेकेदाराचे नाव आणि वर्ष घालण्याचा प्रघात होता. त्या वर्षी तो बंद झाला आणि नावाच्या जागी 'टॉवर' हा शब्द आला. म्हणजे मी ज्यास कारागिराचे नाव समजलो तो शब्द नेमका कारागिराचे नाव काढून टाकल्याची खूण होता.

आता पेटीतील कळीकडे वळू. परंतु वाचण्यापूर्वी स्वच्छता, आणि स्वच्छतेच्या बाबतीत आपल्या घरांतील चांगल्या सवयीच घात करतात. पितळेस चिंच किंवा लिंबू लावून रांगोळीने लखलखीत घासणे हे देवाच्या भांड्यांस शोभते. बंदुकीच्या पितळी पट्टीवर हा प्रयोग केला तर उथळ खुणा दोनचार हातांतच नाहीशा होतात. लोखंडावर पॉलिशपेपर चालविणे हे त्याहून वाईट. योग्य रीत संथ आहे: भाग रॉकेलमध्ये किंवा पातळ तेलात दोनतीन दिवस बुडवून ठेवावा, मऊ झालेला गंज बांबूच्या काडीने आणि पितळी तारेच्या बारीक ब्रशाने हलकेच सोडवावा, आणि जेथे अक्षराचा भास होईल तेथे हात थांबवावा. मग खोली अंधारी करून विजेरीचा झोत पृष्ठभागाशी जवळजवळ समांतर धरावा. समोरून उजेड टाकला असता जे सपाट दिसते तेच तिरप्या उजेडात सावल्या धरून उठून येते. लहानपणी आपण नाण्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीने त्याचा छाप काढीत असू. तोच उपाय येथेही उत्तम चालतो, आणि त्या छापाचा कागद फेरिस्तीस जोडता येतो हा आणखी एक लाभ.

त्या कळीच्या पट्टीवर तिसऱ्या दिवशी घोड्याच्या पुढील अंगास बदामासारखी एक आकृती दिसू लागली. तिचे दोन तिरप्या रेघांनी चार भाग केलेले होते, आणि माथ्यावर इंग्रजी चारच्या आकड्यासारखे चिन्ह होते. भिंगाखाली एकेका खणातील अक्षर लागले: 'व्ही', 'ई', 'आय', 'सी'. जुन्या रोमन लेखनात 'यू'च्या जागी 'व्ही' लिहिण्याची चाल होती हे ध्यानात ठेवले की ही अक्षरे 'युनायटेड ईस्ट इंडिया कंपनी' अशी उलगडतात. मुळात ही व्यापाऱ्याने मालाच्या गाठोड्यावर घालावयाची खूण. कापसाच्या आणि मिऱ्यांच्या गाठोड्यांवरून ती बंदुकांवर आली आणि नाण्यांवरही गेली. ज्यांनी मुंबई इलाख्याचे १७९१ किंवा १७९४ सालचे तांब्याचे पैसे हाताळले असतील त्यांना हा बदाम परका वाटणार नाही, कारण त्या पैशाच्या एका अंगास तराजू व 'अदल' हा शब्द असून दुसऱ्या अंगास हीच आकृती आहे. बंदुकीची खूण ओळखण्यास नाणेसंग्राहकाचा शेजार किती उपयोगी पडतो याचे मला तेव्हापासून कौतुक वाटत आले आहे.

ही बदामाची खूण कंपनीच्या कळींवर १८०८ च्या सुमारापर्यंत चालली. तदनंतर तिची जागा मागील पायांवर उभ्या राहिलेल्या आणि पुढील पंजांत राजमुकुट धरलेल्या सिंहाने घेतली. तेव्हा नाव आणि वर्ष सर्वस्वी झिजून गेले असले तरी बदाम की सिंह एवढ्यावरूनच कळीचा काळ एका मर्यादेच्या अलीकडचा की पलीकडचा हे सांगता येते. आमच्या पट्टीच्या शेपटीकडे आडव्या ओळीत '१७९९' हे वर्ष बऱ्यापैकी लागले. त्यावरील नावातील शेवटची दोन 'टी' अक्षरे तेवढी शाबूत होती. लंडनच्या बार्नेट घराण्याने कंपनीस बंदुका पुरविल्या हे प्रसिद्ध आहे, आणि त्या नावाचा शेवटही असाच दोन 'टीं'नी होतो. नातू आनंदून म्हणाला, "म्हणजे बार्नेटच!" मी त्यास म्हटले की दोन अक्षरांवर नाव ठरविणे म्हणजे 'कर' एवढे वाचून मनुष्य जोगळेकर ठरविण्यापैकी आहे, नोंदीत 'शेवटी दोन टी' एवढेच लिहावे आणि बार्नेटचे नाव शेऱ्याच्या रकान्यात प्रश्नचिन्हासह ठेवावे. मात्र नाव व वर्ष या दोहोंचे अस्तित्वच एक पुरावा आहे: १७९९ साली सरकारी कळीवर ठेकेदाराचे नाव येणे शक्य नव्हते, कंपनीच्या कळीवर ते येत होते.

या जातीच्या बंदुकीची नळी ३९ इंचांची असे. इंग्लंडच्या सरकारी पायदळी बंदुकीची नळी आधी ४६ व मागाहून ४२ इंचांची होती. कंपनीची आखूड आणि तुलनेने स्वस्त बंदूक फ्रान्सशी युद्ध जुंपल्यावर इंग्रज सरकारनेच उचलली आणि १७९७ पासून आपली म्हणून चालविली. त्यामुळे 'इंडिया पॅटर्न' हे नाव असलेली बंदूक हिंदुस्थानातच वापरली गेली असे मानण्याचे कारण नाही. वॉटर्लूच्या रणांगणावरही तीच होती.

पण पट्टीचे वाचन पुरे झाल्यावर घोडा पाहिला, आणि कथा बदलली. १७९९ सालची कळ गारेची असावयास हवी: घोड्याच्या जबड्यात गार, समोर पोलादी झाकण, त्याखाली रंजक ठेवण्याची वाटी. येथे वाटी नव्हती. तिच्या जागी पट्टीस एक कापलेली खाच आणि दोन बुजविलेली भोके होती, आणि घोडा टोपीवर आपटणाऱ्या पद्धतीचा, ओबडधोबड कानशीने घासलेला व एकही खूण नसलेला होता. कोणी तरी कोठे तरी ही गारेची कळ टोपीची करून घेतली, म्हणजे तिने दुसरा जन्म घेतला, आणि त्या जन्माचा दाखला कोणी लिहून ठेवला नाही. अशीच गंमत इंग्लंडात सरकारी पातळीवर मोठ्या प्रमाणात झालेली आहे. १८५३ च्या नमुन्याच्या तोंडाने भरावयाच्या एन्फिल्ड रायफली पुढे जेकब स्नायडर याच्या युक्तीने मागून भरता येतील अशा करण्यात आल्या. त्यामुळे कळीवर १८६२ आणि मागील झडप मात्र १८६६ नंतरची, असे हत्यार सर्वस्वी अस्सल असू शकते. वर्षांचा मेळ बसत नाही म्हणून वस्तू बनावट ठरवू नये, आणि कळीवरील वर्ष हेच रायफलीचे वर्ष असेही धरू नये.

कळ उघडण्याचे धाडस ज्यास करावयाचे असेल त्याने स्क्रूच्या खाचेत अचूक बसणारा पेचकस मिळाल्यावाचून हात घालू नये. घसरलेला पेचकस जो ओरखडा काढतो तो पुढील दोनशे वर्षे तुमच्या नावे राहतो. आतील अंग मात्र बाहेरच्या अंगापेक्षा बोलके असते. बाहेर ज्याचे नाव असे तो बहुधा जोडणी करणारा वा ठेकेदार. कळ खरोखर घडविणारा लोहार व्हॉल्व्हरहॅम्पटन, वेन्झबरी, डार्लस्टन अशा गावांत बसलेला असे, आणि त्याची आद्याक्षरे पट्टीच्या आतल्या बाजूस लपलेली असत. त्याखेरीज आत छिन्नीने पाडलेल्या लहान रेघा किंवा रोमन आकडे आढळतात. त्यांस वर्ष वा क्रमांक समजू नये. हाताने कानसून जुळविलेले भाग पुन्हा एकमेकांपाशी यावेत म्हणून कारागिराने केलेली ती जोडखूण असते. स्क्रूच्या डोक्याखाली, नळीच्या बुडाशी आणि लाकडाच्या खाचेत एकच आकडा सापडला तर ते भाग एका घरचे समजावेत. उलट एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यात अमेरिकी धर्तीची यंत्रे बसून १८५८ च्या सुमारास परस्परांत अदलाबदल करता येतील असे भाग निघू लागले, तेव्हा त्यांवर अशा जोडखुणांची गरजच उरली नाही. 'एन्फिल्ड' अशी अक्षरे असलेल्या भागावर छिन्नीचे रोमन आकडे दिसले की माझी भिवई वर जाते ती याच कारणाने.

नळीस हात लावण्यापूर्वी एक काम अवश्य करावे, ते या लेखातील अन्य सर्व सूचनांहून महत्त्वाचे आहे. ठासणीच्या जुन्या बंदुका पुष्कळ वेळा भरलेल्याच भिंतीवर टांगल्या गेल्या आणि भरलेल्याच वारसांकडे आल्या. एक लाकडी काठी तोंडातून हलकेच आत घालून जेथे अडेल तेथे खूण करावी, आणि तीच काठी नळीच्या बाहेरून धरून ताडून पाहावी. ती कानाच्या भोकापर्यंत पोचत नसेल तर आत काही तरी आहे असे समजून पुढील सर्व कुतूहल आवरावे आणि परवानाधारक शस्त्रकारागिरास वा पोलीस ठाण्यास कळवावे. नळीजवळ उदबत्तीदेखील नको.

नळीवरच्या खुणा बहुधा करणाऱ्याच्या नसून कसोटीच्या असतात. नेहमीपेक्षा जड बार भरून नळी उडवावयाची, फुटली नाही तर तपासून तीवर ठसा मारावयाचा, ही ती कसोटी. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळास १६३७ साली सनद मिळाली. मुकुटाखाली गुंतविलेली 'जी' व 'पी' ही अक्षरे आणि मुकुटाखालील 'व्ही' हे त्यांचे ठसे. बर्मिंगहॅमचे कसोटीगृह १८१३ च्या कायद्याने निघाले. परस्परांस छेदणारे दोन राजदंड ही त्याची ठळक खूण. बेल्जममधील लीएज शहराचा ठसा म्हणजे लंबवर्तुळातील 'ई', 'एल', 'जी' ही अक्षरे, आणि या वर्तुळावर मुकुट असेल तर नळी १८९३ च्या अलीकडची. वरवर इंग्रजी दिसणाऱ्या कितीतरी बंदुका नळी उलटी करताच लीएजच्या निघतात. मालकांचे चेहरे त्या वेळी पाहण्यासारखे असतात.

ठशांच्या शेजारचा लहान आकडा नळीच्या व्यासाचा असतो, परंतु तो इंचांत नसतो. एक रत्तल शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या आणि त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोरची, हा त्याचा हिशेब. म्हणून आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. एन्फिल्डच्या ·५७७ इंची नळीवर २४ किंवा २५ दिसतो तो यामुळे, आणि त्यास सन समजून १८२५ ची बंदूक ठरविणारे महाभाग मला भेटलेले आहेत. 'नॉट फॉर बॉल' असे शब्द तोंडाकडे आवळलेल्या छऱ्याच्या नळीवर १८७५ ते १८८७ या अवधीत मारले जात. १९०४ नंतरच्या बर्मिंगहॅमी नळीवर मुकुटाखाली 'एन' व 'पी' असतील तर ती धूरविरहित बारुदासाठी कसलेली. ते नसतील तर ती तशा काडतुसासाठी कधीच कसली गेलेली नाही, आणि शंभर वर्षांच्या गंजाने तिची शक्ती वाढलेली नसते.

दुकानदाराच्या नावाने होणारी फसगत साधी आहे, तिच्यावर फार शब्द खर्चावयास नकोत. दुनळीच्या मधल्या पट्टीवर कलकत्त्याच्या रॉडा कंपनीचे नाव ऐटबाज अक्षरांत असले तरी माल बहुधा बर्मिंगहॅमचा, हे नळीच्या पोटाकडील ठसे सांगतात. याच रॉडा कंपनीच्या मालातून २६ ऑगस्ट १९१४ रोजी बंगाली क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले पळविली, ती मात्र जर्मनीची होती. आणि प्रत्येकावर कारखान्याचा क्रमांक असल्याने पुढे एखादे सापडले की ते त्या पन्नासांपैकी आहे की नाही हे सरकारास ताडून पाहता येई. क्रमांकाची किंमत ती ही. शोधकाचे नाव ही आणखी एक फसवी पाटी आहे. नाशकात १९०९ च्या डिसेंबरात कलेक्टर जॅक्सनवर झाडले गेले ते ब्राउनिंग पिस्तूल. अशा पिस्तुलावर 'ब्राउनिंगचे पेटंट' असे लिहिलेले असते, परंतु ब्राउनिंग हा अमेरिकी शोधक होता आणि पिस्तुले बनत होती लीएजजवळच्या हर्स्टल येथील कारखान्यात, ज्याचे नाव शेजारीच फ्रेंच भाषेत असते.

सरकारी मालावरील सर्वांत सामान्य खूण म्हणजे बाण. तीन रेघांचा, पोथीतील काकपदासारखा हा बाण ब्रिटिश सरकारची मालकी सांगतो. त्याखाली 'आय' असेल तर हिंदुस्थान सरकारचा माल, 'सी' या अक्षराच्या पोटात असेल तर कॅनडाचा, दोन्ही बाजूंस 'डी' असतील तर ऑस्ट्रेलियाचा. आणि दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील तर वस्तू सरकारी नोकरीतून काढून विकली गेली. 'डी. पी.' ही अक्षरे दिसली तर ते हत्यार केवळ कवायतीपुरते ठेवलेले, उडविण्यास नालायक ठरलेले; कॉलेजात छात्रसेनेची कवायत केलेल्या पुष्कळांनी अशी जड रायफल खांद्यावर वाहिलेली असेल.

आपल्याकडे ज्यास लोक 'थ्री-नॉट-थ्री' म्हणतात त्या ली-एन्फिल्ड रायफलीचे वाचन सर्वांत सुकर, कारण कुंदा ज्या लोखंडी कोंदणात बसतो त्याच्या उजव्या अंगावर मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखाना, वर्ष आणि नमुना अशी सारी कुंडली मांडलेली असते. कलकत्त्याजवळील इशापूरच्या कारखान्याच्या मालावर 'जी. आर. आय.' असते, तिसरे अक्षर 'सम्राट' या अर्थाचे, आणि स्वातंत्र्योत्तर काळात मुकुट जाऊन त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. अडचण येते ती सुट्या, लहान भागांपाशी. तेथे एखादेच अक्षर असते: 'बी' म्हणजे बर्मिंगहॅमची बी. एस. ए. कंपनी, 'एम. ए.' म्हणजे ऑस्ट्रेलियातील लिथगो, 'ओ. ए.' म्हणजे दुसऱ्या महायुद्धात त्याच लिथगोच्या मदतीस ऑरेंज गावी काढलेली शाखा. लाकडावर 'स्लॅझ' असे आढळले तर टेनिसच्या रॅकेटी करणाऱ्या स्लॅझेंजर कंपनीने युद्धकाळात ते लाकूड घडविले असे समजावे.

युद्धकाळातील ब्रिटिश सांकेतिक क्रमांकांचे एक उदाहरण माझ्या विशेष स्मरणात आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगाऱ्यावर वीतभर लांबीची, मागे गोल खोबणी असलेली एक लोखंडी मेख पडलेली होती; विकणारा ती गोठ्यात दावे अडकविण्यासाठी म्हणून खपवू पाहत होता. खोबणीवर 'नंबर ४, मार्क २' आणि त्याखाली 'एन ६७' असे होते. म्हणजे ती संगीन होती. शत्रूच्या विमानांना कारखान्याचा पत्ता लागू नये म्हणून नावाऐवजी असे क्रमांक देत. 'एन' म्हणजे उत्तर विभाग, 'एम' मध्य, 'एस' दक्षिण. 'एन ६७' हा स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील सिंगर कंपनीचा क्रमांक. आमच्या आजीच्या खोलीत जे शिवणयंत्र खडखडत असे त्याच घराण्याची ती संगीन! काडतुसांच्या रिकाम्या नळ्यांच्या बुडावरही असाच मजकूर असतो. बाणाच्या दोहों बाजूंस 'के' आणि 'एफ' दिसले तर ते खडकीच्या, म्हणजे १८६९ पासूनच्या आपल्या पुण्याच्या कारखान्यातले. नळी रिकामी नसेल तर मात्र वाचनाचा मोह सोडून ती जेथे आहे तेथेच राहू द्यावी.

बनावटीविषयी दोन शब्द. पेशावर आणि कोहाट यांच्यामधील दर्रा आदमखेल येथील कारागीर नमुना पाहून हुबेहूब रायफल घडवितात. त्यांचे हात कुशल आहेत, पण अक्षर त्यांच्या दृष्टीने केवळ नक्षी असते. म्हणून 'एन्फिल्ड' मधील 'एन' उलटा पडतो, मुकुटाचा भोपळा होतो, आणि व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरे १९०७ सालाच्या डोक्यावर बसतात, जरी राणी १९०१ च्या जानेवारीत वारलेली असते. अशा वस्तूस नकली म्हणून फेकून देण्याची घाई मी तरी करणार नाही. ती सरहद्दीच्या लोहाराची अस्सल कृती आहे, फक्त नोंद त्याच्या खाती पडली पाहिजे.

एतद्देशीय शिलेखान्यांच्या खुणा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच सांगतो की टिपू सुलतानाच्या कारखान्यातील नळीवर वाघाच्या मुखवट्याचा ठसा असतो आणि साल हिजरी नसून त्याने चालविलेल्या मौलूदी शकाचे, तेही आकडे उजवीकडून डावीकडे मांडलेले असते. आणि बिकानेरच्या शिलेखान्यातील हत्यारांवर देवनागरी अक्षरे ठिपक्याठिपक्यांनी टोचलेली असतात, ती तिरप्या उजेडाशिवाय बोटालाच आधी समजतात.

कायद्याची बाजू टाळून चालणार नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात 'शस्त्र' या शब्दाच्या पोटात सुटे भागही येतात. कलम ४५ ने कालबाह्य, केवळ पुराणवस्तू म्हणून मोलाच्या आणि दुरुस्तीनेही न चालणाऱ्या हत्यारांस काही सवलत दिली आहे, पण आपली वस्तू त्या सवलतीत बसते की नाही याचा निवाडा मालकाने घरबसल्या करावयाचा नसून जिल्ह्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून लेखी खातरजमा करून घ्यावयाची आहे. कलम ८ प्रमाणे बंदुकीवरील नाव, क्रमांक वा खूण खोडणे, बदलणे किंवा खोटी घालणे हा गुन्हा आहे. तेव्हा पॉलिशपेपरविषयी मी वर जे लिहिले ते केवळ रसिकाचे गाऱ्हाणे समजू नये. शंभर वर्षांवरील वस्तू परदेशी पाठविण्यास १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याची आडकाठी आहे, तीही ध्यानात असावी.

वाईच्या पेटीचे पुढे काय झाले ते सांगणे उरले. नातवाने ठाण्यात रीतसर अर्ज दिला, आणि अर्जासोबत जोडण्यासाठी आम्ही दोघांनी बसून भागवार फेरिस्त केली. पितळी कमानींपैकी एकीच्या आत छिन्नीच्या चार रेघा निघाल्या; कळीच्या पट्टीत तशा रेघा नव्हत्या, तेव्हा त्या दोघींचे नाते लागले नाही. नळीच्या तुकड्याचे बुड नसल्यामुळे कसोटीचे ठसे जेथे असावयाचे तो भागच गेलेला होता. कळीची नोंद अशी झाली: 'अनुक्रम १. कळ, लोखंडी, लांबी सुमारे वीतभर. पट्टीवर घोड्यापुढे चार खणांचा बदाम, अक्षरे व्ही, ई, आय, सी. शेपटीकडे वर्ष १७९९; त्यावर नाव, शेवटी दोन टी, बाकी झिजलेले. रंजकाची वाटी काढलेली, दोन भोके बुजविलेली. घोडा मागाहून बसविलेला, निनावी. छाप सोबत.' नातवाने कागदावर शेवटचा रकाना 'बंदूक' या मथळ्याखाली आधीच आखून ठेवला होता. तो त्याने दोन वेळा माझ्यापुढे सरकविला, आणि मग स्वतःच त्यात एक आडवी रेघ ओढून खाली सही केली.